ट्रॉलीवरचे घर : सांगाड्यापेक्षा रुंद बांधताना



एरवी या पानावर आम्ही बेणे, लागण, खतांचे हप्ते आणि पाचट यांविषयी लिहितो. या वेळचा विषय थोडा बाजूचा वाटेल, पण तोडणी हंगामाशी त्याचा थेट संबंध आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या कार्यक्षेत्रातील काही सभासदांनी जुन्या ट्रॉलीवरचा साटा काढून त्या जागी राहण्याजोगी खोली बांधली आहे. कुणी ती ऊसतोड टोळीच्या मुक्कामाला दिली, कुणी रात्रीच्या पाण्याच्या पाळीसाठी मळ्यात उभी केली. या सर्व खोल्यांत एक गोष्ट सारखी दिसते. खालचा सांगाडा अरुंद आणि वरची खोली त्याच्याहून रुंद. रुंद बांधण्यात गैर काही नाही. मात्र ती कशी बांधली यावर आत झोपणाऱ्याचा जीव अवलंबून असतो, म्हणून हा लेख.

आम्ही शेतकी पदविकेची माणसे, लोखंडाचे काम आमचे नव्हे. पुढील माहिती कारखान्याच्या वर्कशॉपमधील जाणत्या माणसांजवळ बसून, दोन ट्रॉल्या टेपने मोजून आणि कागदावर आकडे मांडून लिहिली आहे. वाचताना कंटाळा करू नये ही विनंती.

गोराईच्या घुमटाखाली

गेल्या उन्हाळ्यात गळीत आटोपल्यावर काही तरुण सभासदांबरोबर आम्ही मुंबईस गेलो होतो. एक दिवस बोरिवलीस उतरून गोराईच्या खाडीवर गेलो आणि होडीने पलीकडे जाऊन तेथील ग्लोबल विपश्यना पॅगोडा पाहिला. ८ फेब्रुवारी २००९ रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती श्रीमती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आत सुमारे ८,००० माणसे एका वेळी ध्यानाला बसू शकतात आणि एवढ्या मोठ्या दालनात मध्ये एकही खांब नाही. घुमटाचा आतला व्यास सुमारे २८० फूट आहे. विजापूरचा गोल घुमट ज्यांनी पाहिला असेल त्यांनी त्याची जवळजवळ दुप्पट डोळ्यांपुढे आणावी.

आमच्याबरोबरचा एक तरुण मान वर करून बराच वेळ पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, “साहेब, एवढा दगड बिनखांबाचा उभा राहतोय. मग माझ्या ट्रॉलीची फळी दोन-दोन फूट बाहेर काढली तर काय बिघडतंय?”

त्याच्या मनात काय आहे ते तेव्हा कळले. घरी पडून असलेल्या ट्रॉलीवर त्याला आठ फूट रुंदीची खोली बांधायची होती. हंगामात ती टोळीला द्यायची आणि उन्हाळ्यात आईवडिलांना तीत बसवून पंढरपूर, मग गोराईचा समुद्र दाखवायचा, असा बेत होता. बेत चांगला. आईबापांना देव आणि समुद्र दाखवावा असे वाटणारा मुलगा कुणालाही आवडेल.

पण घुमट आणि फळी यांत फरक आहे. घुमटातला दगड एकटा नसतो. दगडात दगड अडकवून एकेक कडे पुरे केलेले असते. प्रत्येक दगड शेजारच्याला धरतो आणि खालच्यावर टेकतो. वरचे ओझे असे वळणावळणाने उतरत उतरत शेवटी पायात जाते. ट्रॉलीबाहेर काढलेल्या फळीला पलीकडे शेजारीच नसतो. तिचे एक टोक सांगाड्याने धरलेले आणि दुसरे हवेत. घुमटाला खांब नसले तरी पाया आहे. फळीच्या बाहेरच्या टोकाला खांबही नाही आणि पायाही नाही. एवढे आम्ही तेथेच सांगितले. बाकीचे सांगण्याआधी त्याला गावाकडची एक हकीगत ऐकवली. तीच आता आपल्याला सांगतो.

चूक आमचीही होती

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. आपल्या एका सभासदाने मोठ्या आस्थेने टोळीसाठी ट्रॉलीवर खोली केली. टोळ्या आपल्याकडे येतात, पाचट आणि ताडपत्रीच्या कोप्या घालतात, आणि बायामाणसे, लेकरेबाळे पाच-सहा महिने भुईवर काढतात. हंगामाच्या तोंडावर परतीचा पाऊस आला की खाली ओल, थंडीत गारठा आणि बारा महिने साप-विंचवाची धास्ती. या सभासदाने निदान एका कुटुंबाला तरी भुईपासून चार फूट उचलावे म्हणून खर्च केला. सांगाडा चार फुटी होता, खोली आठ फुटी केली. म्हणजे दोन्ही अंगांना दोन-दोन फूट बाहेर. बाहेरच्या भागाखाली सांगाड्याच्या कडेला अँगलचे तुकडे वेल्डिंगने चिकटवले होते आणि त्यांवर फळ्या. आम्ही फिरतीवर असताना खोली पाहिली, आत डोकावलो आणि “फार छान केलंत” असे म्हणून पुढे गेलो. खाली वाकून पाहिले नाही.

जानेवारीत टोळीचा मुक्काम हलला. चाकोऱ्यांच्या रस्त्याने ट्रॉली दुसऱ्या शिवारात नेली. त्या रात्री सर्व झोपल्यावर एका बाजूच्या अँगलचे वेल्ड सुटले. एक सुटला तसा त्याचा भार शेजारच्यावर आला आणि तोही गेला. तळाचा कोपरा खाली झुकला, भिंत कलली. त्याच बाजूच्या आढ्याला नऊ महिन्यांच्या मुलाची झोळी बांधली होती. आईने झोपेतून उठून झोळीला मिठी मारली म्हणून मूल वाचले. तिचे मनगट मात्र मोडले आणि तिचा कोयता दीड महिना थांबला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ती एवढेच म्हणाली, “साहेब, कोपी बरी हुती. ती पडली तरी अंगावर पाचटच पडतंय.”

त्या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. मालकाचा हेतू चांगला होता, वेल्डरने सांगितले तेवढे केले आणि आम्ही ‘छान’ म्हटले. चांगल्या हेतूने लोखंडाचे वजन कमी होत नाही, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

रुंदी हवी कशाला?

आधी गरज पाहू. चार फुटी सांगाड्यावर चार फुटीच खोली केली तर माणूस तीत आडवा झोपू शकत नाही. लांबीच्या दिशेने झोपायचे म्हटले तर दोघांत जागा संपते. खोली सहा फूट रुंद केली की भिंतींची जाडी वजा जाता आत पावणेसहा फुटांच्या आसपास मिळते. साडेपाच फुटी माणूस त्यात आडवा मावतो. खोलीची लांबी अकरा फूट धरली आणि माणशी दोन फूट धरले, तर पाच माणसे ओळीने झोपून पायाशी फूटभर जागा दाराला उरते. म्हणजे खरी गरज सहा फुटांची आहे. आठ फूट ही हौस झाली. हौसेला आमचा विरोध नाही, पण हौसेची किंमत किती ते पुढे पाहू.

दोन फूट म्हणजे एक फुटाच्या दुप्पट नव्हे

भरलेली घागर छातीशी धरा. नंतर तीच घागर हात लांब करून धरा. घागर तीच, पाणी तेवढेच, पण खांद्यातून कळ निघते. सांगाड्याबाहेर काढलेल्या आडव्या लोखंडाचा खांदा म्हणजे सांगाड्याची कड. ओझे जितके लांब, तितका तेथे ताण अधिक.

आता आकडे मांडू. समजा एका बाजूची भिंत आणि अर्धे छप्पर मिळून २१० किलो आहे आणि ते ७ आडव्या चॅनेलांच्या टोकांवर बसले आहे. म्हणजे प्रत्येक टोकावर ३० किलो. टोक सांगाड्यापासून एक फूट बाहेर असेल तर कडेपाशी ताण ३० गुणिले १ असा येतो. दोन फूट बाहेर असेल तर ३० गुणिले २, म्हणजे दुप्पट. येथपर्यंत कुणालाही पटते. पुढचे मात्र चटकन ध्यानात येत नाही. टोकाचा वाक दुप्पट न होता आठपट होतो, कारण तो लांबीच्या घनाने वाढतो. एक फूट बाहेर काढल्यावर टोक एक सूत खाली जात असेल, तर दोन फुटांवर तेच लोखंड, तेच ओझे असताना आठ सूत, म्हणजे पुरता एक इंच खाली जाईल.

हे झाले टोकावरच्या भिंतीचे. बाहेरच्या तळावर माणसे, अंथरुणे, धान्य पसरते, त्याचा हिशोब याहून कडक आहे. बाहेरची लांबी दुप्पट केली की पसरलेल्या ओझ्याचा ताण चौपट आणि वाक सोळापट होतो. आणि हे सगळे ट्रॉली उभी असतानाचे. चाक खड्ड्यात आदळले की तेच ओझे क्षणभर कितीतरी जड होते. वेल्ड एका दिवसात तुटत नाही. रोज थोडे हलते, बारीक चीर पडते, चीर वाढते आणि एका रात्री सुटते. म्हणूनच ‘दोन महिने काही झाले नाही’ हा पुरावा धरू नये.

सहा फुटी आणि आठ फुटी खोलीतला खरा फरक हा आहे. जागा तिसऱ्या हिश्श्याने वाढते, पण लोखंडाचा त्रास चौपट, आठपट, सोळापट वाढतो.

खोली रुंद झाली, चाके झाली नाहीत

दुसरा मुद्दा उलटण्याचा. खोली कितीही रुंद करा, चाके होती तेथेच राहतात. आम्ही मोजलेल्या ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंच्या टायरांच्या मध्यांतले अंतर पाच फूट होते. म्हणजे मधल्या रेषेपासून प्रत्येक चाक अडीच फुटांवर. सगळ्या वजनाचा मध्य जेथे असेल तेथून एक ओळंबा सोडला आहे अशी कल्पना करा. ट्रॉली कलली की ओळंबा सरकतो. तो दोन्ही चाकांच्या आत पडतो तोवर ट्रॉली उभी, बाहेर पडला की आडवी.

वजनाचा मध्य जमिनीपासून चार फुटांवर असेल तर साधारण ३२ अंश कलेपर्यंत ओळंबा आत राहतो. खोलीत वर माळा केला, छपरावर पाण्याची टाकी ठेवली आणि मध्य पाच फुटांवर गेला, तर तीच मर्यादा २६ अंशांवर येते. त्यात एकाच बाहेरच्या अंगाला धान्याची पोती रचली आणि मध्य सहा इंच बाजूला सरकला, की राहिले २२ अंश. हे झाले कागदावरचे. प्रत्यक्षात पाटे एका अंगाला दबतात, टायर बसतो, बांधाची माती खचते, वळणावर झोक जातो. म्हणून त्याच्या निम्म्याइतक्या उतारावरही विश्वास ठेवू नये.

यावरून नियम सोपा निघतो. जड वस्तू खाली, मध्ये आणि एक्सलच्या वर. हलक्या वस्तू बाहेरच्या भागात. पाण्याचे २०० लिटरचे पिंप म्हणजे २०० किलो, हे विसरू नये. अर्धे भरलेले पिंप चालत्या ट्रॉलीत तर अजिबात नको, कारण पाणी वळणावर नेमके नको त्या बाजूला धावते.

बैलगाडीवाल्यांना पुढचा मुद्दा आम्ही शिकवायला नको. मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलते. पुढे जास्त झाले की बैलांच्या मानेवर येते. एका एक्सलच्या ट्रॉलीचेही तेच आहे. मागे भार गेला की ती ट्रॅक्टरची मागची बाजू उचलू पाहते आणि रस्त्यात शेपटासारखी डोलते. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढे दांडीवर यावा, असा बेत ठेवून मोरी, पेटी आणि दार यांच्या जागा ठरवाव्यात.

बांधायची तर अशी

१) आडवे चॅनेल अखंड घ्यावेत. सहा फुटी खोलीला सहा फुटी चॅनेल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सांगाड्याच्या दोन्ही लांब चॅनेलांवरून गेलेले असावेत. मग डावीकडचे ओझे उजवीकडच्या ओझ्याने तोलले जाते. कडेला चिकटवलेल्या तुकड्याचा सगळा जीव एका वेल्डात असतो. वर सांगितलेल्या ट्रॉलीत नेमके तेच झाले. जुन्या वाड्यांचे सज्जे पाहा. बाहेर दिसणारी तुळई भिंतीत खोलवर गेलेली असते, बाहेरून डकवलेली नसते.

२) चॅनेल उभे ठेवावेत. लोखंडी पट्टी आडवी धरली तर हाताने वाकते, उभी धरली तर वाकत नाही, हे पोरेसुद्धा जाणतात. उंची दुप्पट झाली की ताठपणा आठपट होतो. अकरा फूट लांबीला ७५ बाय ४० मिलिमीटरचे ७ चॅनेल सुमारे पावणेदोन-दोन फुटांवर घातले, तर सगळे मिळून वजन ९० किलोच्या आसपास जाते. एवढ्या वजनाची काटकसर करू नये.

३) एक फुटापेक्षा जास्त बाहेर काढायचेच असेल तर प्रत्येक चॅनेलाखाली तिरका टेकू द्यावा. त्याचे खालचे टोक सांगाड्याच्या उभ्या अंगावर आणि वरचे टोक बाहेरच्या भागाच्या मध्याच्या पलीकडे असावे. टेकूमुळे हवेत राहणारी लांबी कमी होते, आणि लांबी कमी झाली की काय होते ते वर पाहिलेच. टेकू टायरला लागणार नाही ना, हे आधी मोजावे.

४) सांगाड्याच्या लांब चॅनेलाच्या वरच्या-खालच्या ओठांना भोके पाडू नयेत आणि त्यांवर आडवे वेल्ड मारू नयेत. सगळ्यात जास्त ताण त्याच ओठांत असतो. बोल्ट घ्यायचा तो उभ्या अंगातून घ्यावा, किंवा यू-बोल्टने आवळावे. यू-बोल्ट पहिल्या आठवड्यानंतर आणि प्रत्येक मुक्काम हलवल्यावर पुन्हा आवळावेत.

५) खोली चाकांच्या वरून बाहेर जात असेल तर टायर आणि तळ यांत भरपूर फट ठेवावी. रिकाम्या ट्रॉलीत मोजून चालत नाही. पाटे पूर्ण दबल्यावर टायर तळाला घासता कामा नये. घासलेला टायर तापतो, फुटतो, कधी पेटतोही.

६) भिंतीलाच तुळई करावी. चौकटीवर पत्रा किंवा प्लायवूड जवळजवळ स्क्रू मारून घट्ट बसवले की अख्खी भिंत एका उंच तुळईसारखी ओझे पेलते आणि सगळ्या चॅनेलांवर सारखे वाटते. नुसते टांगलेले पत्रे असे करू शकत नाहीत. दार मागे ठेवावे. बाजूच्या भिंतीत मोठे भगदाड पाडले की ती तुळई तुटली म्हणून समजावे.

७) चूल खोलीत नको. धूर आणि त्याबरोबरचा विषारी वायू बंद खोलीत झोपेतच माणूस नेतो. चूल बाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, पाचटापासून लांब ठेवावी. दोन समोरासमोर झरोके असे ठेवावेत की जे थंडीतही पूर्ण बंद करता येणार नाहीत.

८) मुक्कामाला उभी करताना चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावावी. दांडीखाली आणि सांगाड्याच्या चारही कोपऱ्यांखाली टेकू द्यावेत. काळ्या रानात टेकूखाली जाड फळी हवी, नाहीतर पहिल्या पावसात टेकू जमिनीत जातो. हलवण्यापूर्वी सगळे टेकू काढले की नाही, ते एका माणसाने फिरून पाहावे.

रस्ता आणि कायदा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार वाहनाची एकूण रुंदी २.६ मीटर, म्हणजे सुमारे साडेआठ फूट, याहून जास्त असता कामा नये. आठ फुटी खोली २.४४ मीटर भरते. म्हणजे कायद्यात बसते. पण कायद्यात बसते म्हणून सांगाड्यावर बसते असे नव्हे, आणि रस्त्यावर बसते असे तर मुळीच नव्हे. एकपदरी रस्त्याचा डांबरी भाग ३.७५ मीटर धरतात. खेड्यांत तो ३ मीटरही असतो. आठ फुटी खोली डाव्या कडेला पूर्ण चेपून चालवली तरी पावणेचार मीटरच्या रस्त्यावर समोरच्याला सव्वा मीटरच्या वर थोडेच उरते. सहा फुटी खोलीत १.९ मीटर उरते. रात्री समोरून मोटारसायकलवर येणाऱ्या आपल्याच गावच्या पोराला हा फरक जगण्यामरण्याचा आहे.

येथे एक सापळा आहे. मागचे लाल दिवे आणि परावर्तक बहुधा जुन्या सांगाड्यावरच राहतात. अंधारात येणाऱ्याला चार फुटी ट्रॉली दिसते आणि तो चार फुटांना टाळून जातो. उरलेला भाग त्याला धडकेपर्यंत दिसत नाही. म्हणून दिवे आणि परावर्तक खोलीच्या अगदी बाहेरच्या कडांना लावावेत. मागे लाल, पुढे पांढरे. हाच नियम उसालाही लागू आहे. साट्याबाहेर लोंबणारे वाढे आणि बाहेर आलेल्या मोळ्या परावर्तक झाकून टाकतात. बाजूला बाहेर आलेल्या मालासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये दंड आहे आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा. दंडाची भीती नसली तरी समोरच्याची कणव असावी.

त्याच कायद्यानुसार नोंदणीत लिहिलेल्या वाहनात परवानगीशिवाय फेरबदल करणे हा गुन्हा आहे. प्रत्येक फेरबदलास ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून लोखंड विकत घेण्याआधी कागदावर साधे मापांचे चित्र काढून परिवहन कार्यालयात विचारावे. अर्ज कसा करायचा ते आमचे गट ऑफिस सांगेल.

आणि सर्वांत महत्त्वाचे. चालत्या ट्रॉलीत माणूस बसवू नये. शेतीच्या ट्रॉलीतून माणसांची वाहतूक करण्यास परवानगी नाही, अपघात झाल्यास विम्याचे दार बंद होते आणि वर सांगितलेला सगळा धोका चालत्या ट्रॉलीत अनेक पटींनी वाढतो. पर्यटनासाठी फिरती घरे असावीत म्हणून राज्य शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन धोरण आणले, पण ते त्या कामासाठी नोंदलेल्या वाहनांचे आहे. आपली ट्रॉली त्यात येत नाही.

मग ट्रॉलीवरचे घर कशासाठी? उभे राहण्यासाठी. नोव्हेंबर २०२० ते डिसेंबर २०२१ या काळात दिल्लीच्या सीमेवर आंदोलनास बसलेल्या शेतकऱ्यांनी ट्रॉल्यांचीच घरे करून उन्हाळा, पावसाळा, हिवाळा काढला. आंदोलनाविषयी कुणाचे मत काहीही असो, उभ्या ट्रॉलीत माणूस वर्षभर राहू शकतो हे सगळ्या देशाने पाहिले. आपल्या टोळ्यांनाही तेच हवे. पाच-सहा महिन्यांत दोन-तीनदा जागा बदलायची, तीही रिकामी, दिवसा, हळू.

गोराईला जायचे कसे?

गोराईहून परतताना होडीत बसल्यावर त्या तरुणानेच विषय काढला. “साहेब, ट्रॉली या होडीत मावायची नाही.” आम्ही म्हटले, “नाहीच मावायची. रस्त्याने यायचे तर भाईंदर, उत्तनवरून वळसा घालून यावे लागेल. आणि ट्रॉलीत आईबाप बसवून मुंबईच्या गर्दीतून जाणार आहेस का?” तो हसला.

गावी आल्यावर त्याने खोली बांधली. चार फुटी सांगाड्यावर सहा फुटी, अखंड सात चॅनेल, दार मागे. काम सुरू असताना वर्कशॉपची दोन माणसे जाऊन पाहून आली. आम्हीही गेलो, आणि या वेळी आत डोकावण्याआधी गुडघ्यांवर बसून खाली पाहिले. गेल्या हंगामात एक कुटुंब त्यात राहिले. हंगाम संपल्यावर त्याने सगळे बोल्ट तपासले, दोन ढिले निघाले ते आवळले. आईवडिलांना एस.टी.ने मुंबईला नेले आणि होडीतून गोराईला उतरवले. वडील पॅगोड्यात बराच वेळ डोळे मिटून बसले होते, असे तो सांगत होता.

सभासद बंधु-भगिनींनो, टोळीला भुईवरून उचलण्याचा विचार ज्यांच्या मनात येतो त्यांचे आम्हाला कौतुकच आहे. त्यांनी आमच्याकडे यावे. हंगामाच्या तोंडावर घाई करण्यापेक्षा पावसाळ्यात काम काढावे. ज्यांच्या खोल्या आधीच बांधून झाल्या आहेत त्यांनी हा अंक खाली ठेवण्यापूर्वी बॅटरी घेऊन ट्रॉलीखाली जावे आणि बाहेरचा प्रत्येक तुकडा कशावर टेकला आहे ते पाहावे. वेल्डावर गंजाची बारीक रेघ दिसली तर ती चीर समजावी आणि त्या रात्रीपासून आत कुणाला झोपू देऊ नये. गट ऑफिसला निरोप द्या, आम्ही माणूस पाठवू. कोपी बरी होती असे पुन्हा कुणा आईने म्हणू नये, एवढीच आमची इच्छा आहे.

कळावे,
आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी